पोट्ट्याला फॉरवर्ड व्हायचंय : गोंदियाच्या पालकांसाठी

"पोट्टा ग्राउंड सोडत नाही, याचं पुढं काय?" दहावी जवळ आली की गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, कुठल्याही तालुक्यातले पालक हे विचारू लागतात. त्यांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं असतात. एक सुनील छेत्रीचं, दुसरं शिक्षण सुटलेल्या आणि हाताला काम नसलेल्या तरुणाचं. बहुतेक व्यावसायिक फुटबॉलपटू मात्र या दोहोंच्या मधे कुठंतरी असतात. दर एक-दोन हंगामांनी त्यांचा क्लब बदलतो, कधी ते पहिल्या अकरात असतात तर कधी बाकावर, आणि खेळावरच त्यांचं घर चालतं. मुलगा खरंच या वाटेला लागला तर त्याचं आयुष्य बहुधा असंच असेल. म्हणून निर्णय घेण्याआधी हे आयुष्य नीट पाहून घ्या.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं उदाहरण घ्या. तो २००० साली जन्मला. वडील रिक्षा चालवायचे. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि नंतर पुणे एफसीच्या अकादमीत तो घडला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा तो भारताच्या आघाडीला खेळला. त्याच वर्षी इंडियन अ‍ॅरोज या तरुणांच्या संघाकडून आय-लीगच्या पहिल्याच सामन्यात त्यानं दोन गोल केले. पुढं इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ सराव केला. २०१९ मध्ये जमशेदपूर एफसी, २०२१ मध्ये हैदराबाद एफसी, नंतर कोलकात्याचा ईस्ट बंगाल, मग ओडिशा एफसी. मार्च २०२२ मध्ये हैदराबादनं गोव्यात इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली, त्या संघात तो होता, आणि त्याच महिन्यात भारताच्या वरिष्ठ संघातही त्याची निवड झाली. पंचविशीच्या आत त्यानं एवढी शहरं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी नवा प्रशिक्षक, नवी भाषा, नवं घर, आणि स्वतःला पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करणं.

क्लब बदलले म्हणजे मुलगा कुठं टिकत नाही, असा अर्थ काढू नका; मुळात भारतीय फॉरवर्डला जागाच कमी असते. हैदराबादच्या त्या विजेत्या संघात मधोमध नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे खेळत होता आणि त्या हंगामात त्यानं १८ गोल केले. भारतातले क्लब गोल करण्याची जागा बहुधा परदेशी खेळाडूला देतात. त्यामुळं शाळेत नऊ नंबर घालणारा भारतीय मुलगा व्यावसायिक संघात कडेला, विंगवर जातो. अनिकेतही कडेनंच जास्त खेळत आला. फॉरवर्ड होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलानं हे बाराव्या-तेराव्या वर्षीच लक्षात घ्यावं. नुसतं पेनल्टी बॉक्समध्ये उभं राहून गोल मारणाऱ्याला आपल्याकडं जागा कमी. दोन्ही पायांनी खेळणारा, कडेनं धावणारा, चेंडू गेला की मागं पळत येऊन बचाव करणारा फॉरवर्ड प्रशिक्षकाला हवा असतो. शालेय सामन्यात मुलानं किती गोल मारले हे मोजण्याऐवजी त्याचा डावा पाय कसा चालतो ते पाहा.

दुसरी गोष्ट क्लबांची. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता, २०१० मध्ये तो बंद झाला. पुणे एफसी गेला. भारत एफसी आय-लीगच्या एका हंगामापुरता उरला. डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी २०१७ नंतर सर्वोच्च लीगमधून दिसेनासे झाले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याच्या जागी हैदराबाद आला. तो हैदराबादही २०२५ मध्ये दिल्लीला गेला. त्याच वर्षी जुलैत इंडियन सुपर लीगचा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या करारावरून अडकला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीसारख्या मोठ्या क्लबनं पहिल्या संघाचे पगार थांबवले. यात खेळाडूंचा काही दोष नव्हता. पाऊस दडी मारतो आणि रोवणी खोळंबते, तशीच ही अवस्था. धानाचं शहाणं घर अशा वर्षासाठी सोय करून ठेवतं. फुटबॉलपटूच्या घरानंही पहिल्या करारापासून तेच करायला हवं. चांगल्या हंगामाचा पैसा गाडीवर न घालता निदान वर्षभराचा खर्च बाजूला काढा.

आता आपल्या जिल्ह्याचं. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामन्याला गर्दी लोटते. तिथल्या मुलाला लहानपणापासून स्पर्धा मिळते. गोंदियात ती परंपरा नाही. म्हणून इथल्या मुलाला जिल्ह्याबाहेर लवकर खेळायला मिळणं फार महत्त्वाचं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा, सुब्रतो कप, जिल्ह्यातून नागपूर विभाग, तिथून राज्य, हा पहिला मार्ग. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या हा दुसरा. नागपूर रेल्वेनं साधारण १३० किलोमीटर. तिथं जुने क्लब आहेत, जिल्हा संघटनेचे सामने आहेत, आणि विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं स्लम सॉकरचं कामही तिथलंच. सुट्टीत मुलाला नागपूरच्या एखाद्या संघाबरोबर खेळू द्या. मुलींनाही. त्यांच्यासाठी आता राष्ट्रीय महिला लीग आहे, आणि खेळणाऱ्या मुली कमी असल्यानं निवडीची संधी खरं तर जास्त आहे.

एक गोष्ट आपल्याकडं फार थोड्यांच्या लक्षात येते. आपलं स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर आहे. हावडा मेल इथूनच टाटानगरला आणि पुढं कोलकात्याला जाते. टाटानगरला १९८७ पासून टाटा फुटबॉल अकादमी आहे. चाचणी घेऊन निवड, निवासी प्रशिक्षण, सोबत शिक्षण. कोलकात्याचं मैदान तर भारतीय फुटबॉलचं जुनं घर. पुण्याइतकंच पूर्वेकडेही पाहा.

पालकांना एक कळकळीची सूचना. चाचणीत चांगला उतरलेला मुलगा घ्यायला चांगली अकादमी लाखो रुपये मागत नाही. "आयएसएलच्या चाचणीला बसवतो, अमुक रक्कम भरा" असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्यासाठी शेत गहाण ठेवू नका, कर्ज काढू नका. चाचणीची जाहिरात क्लबच्या किंवा संघटनेच्या अधिकृत ठिकाणी आहे का, ते आधी तपासा. जन्मदाखला खरा आणि सगळीकडं एकच असू द्या. वय चोरल्याचा संशय आला तर मुलाच्या हाडांची तपासणी होऊ शकते, आणि पकडला गेला तर बंदी येऊ शकते. अठरा वर्षांखालील खेळाडूशी फिफाच्या नियमानुसार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करता येत नाही, हे लक्षात ठेवा. करारावर सही करण्याआधी चार गोष्टी वाचा: पगार कोणत्या तारखेला, दुखापत झाली तर उपचार कोण करणार, विमा आहे का, आणि करार मधेच कोणत्या कारणानं मोडता येतो. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर खेळाडू सहा ते नऊ महिने, कधी जास्तही, बाहेर बसतो. तो खर्च क्लबचा की घरचा, हे आधी ठरलेलं बरं. कागद समजत नसेल तर गोंदियातल्याच एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या. त्याची फी वाया जाणार नाही.

अभ्यासाबद्दल माझं मत ठाम आहे. बारावी सुटता कामा नये, आणि पदवीही, मग ती मुक्त विद्यापीठातून का होईना. कारण भावनेचं नाही, सोयीचं आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यालाही शैक्षणिक पात्रता लागते. नुसता क्लबचा करार दाखवून ते मिळत नाही, शासनानं मान्य केलेल्या स्पर्धांतली कामगिरी आणि पडताळणी झालेलं प्रमाणपत्र लागतं. म्हणून शालेय राष्ट्रीय स्पर्धा, आंतरविद्यापीठ स्पर्धा, संतोष करंडक यांचं प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. रेल्वे आणि सैन्यदल खेळाडू भरती करतात, आणि सैन्यदलाचा संघ संतोष करंडक वारंवार जिंकत आला आहे. तिथं नोकरीही मिळते आणि खेळही सुटत नाही. आपल्या भागातल्या मुलासाठी मला हा रस्ता सर्वात भरवशाचा वाटतो. खेळताना पंचविशीत प्रशिक्षकाचं डी लायसन्स काढलं, तर तिशीनंतर शाळेत किंवा अकादमीत उभं राहता येतं.

कुठवर वाट पाहायची, हे घरात आधीच बोलून ठेवा. सोळाव्या वर्षापर्यंत मुलगा राज्य पातळीवर पोचला नसेल तर खेळ चालू ठेवा, पण करिअर म्हणून दुसरा रस्ता पक्का करा. एकविसाव्या वर्षापर्यंत व्यावसायिक करार नसेल तर रेल्वे, सैन्यदल, पोलीस भरती यांची तयारी पूर्ण वेळ सुरू करा. या मर्यादा मुलाला ओरडून सांगू नका, बरोबर बसून ठरवा. ठरलेली मुदत मुलं पाळतात, लादलेली पाळत नाहीत.

जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांचं वेळापत्रक या आठवड्यातच क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. मुलाचा जन्मदाखला आणि शाळेतली जन्मतारीख जुळते का तेही पाहा. आणि त्याच्या पुढच्या सामन्याला आई-वडील दोघंही जा.