हळद आणि कर्करोग : औषधी वनस्पतीची शास्त्रीय कसोटी

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेस सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि नगराभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती आणण्यास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला. औषधी गुण नाही अशी एकही वनस्पती त्याला आढळली नव्हती. या कथेवरून 'कोणताही पाला गुणकारीच' असा अर्थ पुष्कळजण काढतात. परंतु जीवकाने हे उत्तर घरी बसून दिले नाही. तो हिंडला, त्याने पारखले आणि मगच बोलला. हाच जीवक पुढे राजा बिंबिसार, भगवान बुद्ध आणि भिक्खुसंघ यांचा वैद्य झाला.

त्याच ग्रंथात आजारी भिक्खूंसाठी भगवंतांनी औषध म्हणून अनुमती दिलेल्या मुळांची यादी आहे. तिच्यात पहिले नाव हळदीचे आहे. आपल्या घरीही कापले-खरचटले की हात हळदीच्या डब्याकडेच जातो. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट 1995 साली अमेरिकेत दिले गेले, तेव्हा भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे सादर केले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्यावेळी परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते.

मात्र 'हळदीने कर्करोग बरा होतो' हा दावा वेगळा आहे. तो कसा तपासतात, हे विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे.

पहिली पायरी : परीक्षानळी

चिरलेले सफरचंद काळे पडते, तेल खवट होते. ही प्राणवायूची करणी आहे. आपल्या शरीरातही प्राणवायूच्या वापरातून काही अस्थिर कण तयार होतात व ते पेशींना इजा करतात. त्यांना शांत करणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाचे जांभळे द्रावण घेऊन त्यात वनस्पतीचा अर्क घालतात. जांभळा रंग जितका फिका पडेल तितका अर्क प्रभावी. हळदीतील पिवळे द्रव्य कुरकुमिन हे या कसोटीस उतरते.

पण अँटिऑक्सिडंट म्हणजे कर्करोगावरील औषध नव्हे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी 18 टक्क्यांनी अधिक आढळले.

दुसरी पायरी : काचपात्रातील पेशी

काचपात्रात कर्करोगाच्या पेशी वाढवून त्यांवर अर्क टाकतात. नंतर एक पिवळे रंगद्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात, मेलेल्या करीत नाहीत. निम्म्या पेशी कोणत्या मात्रेस निकामी होतात, हे त्यावरून मोजतात. कुरकुमिनने येथेही अनेक प्रकारच्या कर्कपेशी मारल्या. तथापि काचपात्रातील पेशी फिनाइलनेही मरतात. निरोगी पेशी वाचतात काय, हा खरा प्रश्न आहे. शिवाय कुरकुमिन स्वतः रंगीत असल्याने अशा रंगाच्या कसोट्यांत ते फसवे निकालही देऊ शकते.

तिसरी पायरी : प्राणी आणि माणूस

गिळलेले औषध आतड्यातून रक्तात आणि रक्तातून गाठीपर्यंत पोहोचावे लागते. कुरकुमिनचे घोडे इथेच अडते. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, आणि जे थोडे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करते. रोज 8 ग्रॅम देऊनही रक्तात ते अत्यल्पच सापडते. हळकुंडात कुरकुमिन साधारण 3 टक्के. म्हणजे 8 ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल! अमेरिकेतील ह्यूस्टन येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना हीच मात्रा देऊन झालेल्या अभ्यासात (2008) ज्या 21 रुग्णांचे मूल्यमापन झाले, त्यांपैकी दोघांतच काही परिणाम दिसला. हळदीने कर्करोग बरा होतो, असे आजवर मानवी चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही.

याउलट अंगणातील सदाफुली पाहा. मधुमेहावरील लोकौषध म्हणून कॅनडात तिची तपासणी सुरू झाली. रक्तातील साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. त्या धाग्यावरून 1958 साली व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिनक्रिस्टिन ही औषधे जगापुढे आली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिनक्रिस्टिन इतर औषधांबरोबर आजही दिले जाते. ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात. सदाफुलीची पाने चावून हा गुण येत नाही. उलट ती विषारी आहेत.

आपले कर्तव्य

केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले की, परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका. स्वतः जाणून, हित-अहित पाहून स्वीकारा. औषधालाही हेच लागू आहे. 'अमक्या पाल्याने कर्करोग गेला' असे कानावर आले, तर विचारावे : तपासणी नळीत झाली, पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर? किती माणसांवर? औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना केली काय? मात्रा किती होती?

भाजीत हळद जरूर असावी. परंतु हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून रुग्णाने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. वस्तीत कुणाला गाठ, न भरणारी जखम किंवा अकारण रक्तस्राव दिसला, तर त्याला काढ्यांत महिने घालवू न देता रुग्णालयात पोहोचवावे. लवकर सापडलेले अनेक कर्करोग बरे होतात, गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत. आणि ज्या विद्यार्थ्यांना विज्ञानाची गोडी आहे, त्यांनी जीवकाची कुदळ हाती घ्यावी. पारखण्यासारखे अजून पुष्कळ शिल्लक आहे.