वडाला सलाईन

या आठवड्याचा बालवर्गाचा पाठ आहे, सजीव कशाला म्हणायचं. मुलांबरोबर मोठ्यांनीही वाचावा.

अन्न मिळवणं, श्वसन, अन्न-पाणी अंगभर पोचवणं, टाकाऊ ते बाहेर टाकणं, वाढणं, आजूबाजूच्या बदलाला प्रतिसाद देणं आणि आपल्यासारखा जीव मागे ठेवणं. मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांत हे चालतं. मुलं हे पाठ म्हणतात, पण झाडापाशी अडतात. ते ना चालतं, ना बोलतं!

म्हणून आपण महबूबनगरजवळचा पिल्ललमर्री वड घेऊ. हैदराबादहून साधारण 100 किलोमीटरवर आहे, वय 700 वर्षं सांगतात. तेलुगूत पिल्ला म्हणजे लेकरू, मर्री म्हणजे वड. पारंब्या जमिनीत रुजून त्यांचे खांब झालेत, मूळ खोड कुठलं ते कळतच नाही. या वडाला वाळवीने पोखरलं. 2018 मध्ये वनखात्याने त्याला सलाईनच्या बाटल्या टांगून पातळ केलेलं कीटकनाशक थेंबथेंब आत सोडलं. ते आत पसरतं कसं? जिवंत खोडात मुळांकडून पानांकडे पाणी सारखं वर चढत असतं, त्याच वाटेने. वाळलेल्या ओंडक्याला सलाईन लावून काय उपयोग?

आता श्वसन. इथे आपलाच गोंधळ जास्त आहे. ‘वड रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो’ हा मेसेज आपल्या ग्रुपमध्येही फिरतो. तसं नाही हो. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. पानं दिवसा अन्न बनवतात तेव्हा तो बाहेर पडतो. श्वसन मात्र झाड चोवीस तास करतं, आणि त्यात आपल्यासारखाच ऑक्सिजन वापरतं. मुळंही श्वास घेतात! मातीच्या कणांमधल्या हवेतून. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं की ती हवा आणि पाणी दोन्ही तुटतं. आपण भक्तीने पार बांधतो, फरशी बसवतो, आणि खाली मुळं गुदमरतात.

पुनरुत्पादनाचं उदाहरण तर गच्चीवरच सापडेल. पाखरं वडाची फळं खातात, विष्ठेतून बी पडतं आणि टाकीच्या भिंतीत रोप उगवतं.

वटपौर्णिमेला बाजारातून तोडलेली फांदी आणण्याऐवजी आपण सगळ्या मिळून उभ्या वडापाशी जाऊ. तोवर आपल्या गल्लीत कुठल्या झाडाच्या बुंध्याला सिमेंट भिडलंय, ते मुलांनी पाहून यावं. फोटो रविवारपर्यंत ग्रुपवर टाका. जिथे मालकांची परवानगी मिळेल तिथे बुंध्याभोवतीची हातभर माती मोकळी करायला सेवेकरी येतील.