पहिला डाव मांडताना

मैत्रिणी तयार झाल्या, रविवार ठरला आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या डावाची डंजन मास्टर, म्हणजे डीएम, तू होणार, हे ऐकून फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. तर मामाचं एवढं ऐक. पहिल्या दिवशी सगळे नियम बिनचूक लागले का, ड्रॅगन दिसला का, याचा हिशेब ठेवूच नकोस. त्या चौघींना पुन्हा जमावंसं वाटलं, तर तुझा पहिला डाव साधला. पुढे सांगतोय ते सगळं तेवढ्यासाठीच.

आधी खेळ समजून घे, पुस्तक नंतर

खेळाचा गाभा अगदी लहान आहे. समोर काय दिसतंय ते डीएम सांगतो. आपलं पात्र काय करतंय ते खेळाडू सांगतात. काय घडेल याची खात्री नसेल तर फासा टाकायचा, आणि फाशाने दिलेला निकाल डीएमने गोष्टीत गुंफायचा. बाकीची शेकडो पानं या बोलण्याला आधार द्यायला आहेत.

हा खेळ जन्मलाही बोलण्यातूनच. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉल भागात डेव्हिड वेझली यांनी नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, आणि प्रत्येक खेळाडूकडे गावातल्या एकेका माणसाची भूमिका. खेळाडू आपसात बोलण्यात आणि कट रचण्यात असे रमले की ठरलेली लढाई झालीच नाही. वेझलींना वाटलं, डाव फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा मांडायचा आग्रह धरला. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नसन यांनी त्या धर्तीवर ब्लॅकमूर हे जादूचं जग उभं केलं आणि पुढे गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या एक हजार. म्हणून तुझ्या टेबलावरचं बोलणं ठरवलेल्या गोष्टीपासून भरकटलं तर घाबरू नकोस. खेळ तिथेच सुरू झालेला असतो.

सगळ्यांची आवृत्ती एकच हवी

प्लेयर्स हँडबुक, डंजन मास्टर्स गाइड आणि मॉन्स्टर मॅन्युअल ही तिन्ही जाड पुस्तकं आत्ताच घेऊ नकोस. सुरुवातीपुरते नियम प्रकाशक विनामूल्य देतात, आणि पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंग्रह २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. एकच काळजी घे. पाचव्या आवृत्तीचे नियम २०१४चे वेगळे आणि २०२४चे सुधारलेले वेगळे. जखम भरणारा ‘क्युअर वूंड्स’ हा साधा स्पेल घे. पहिल्या लेव्हलला जुन्या नियमांत त्यासाठी आठ बाजूंचा एक फासा टाकतात, नव्यात दोन. एकीने एक वाचलं आणि दुसरीने दुसरं, तर पहिल्याच लढाईत वाद होईल. कोणते नियम ते आधी ठरव आणि सगळ्यांना तीच प्रत पाठव.

फासे सात नगांच्या संचाने घे. त्यात चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक असतो आणि दहा बाजूंचे दोन. दोघींत एक संच पुरतो. बहुतेक वेळा वीस बाजूंचाच हातात राहील.

खेळण्याआधी अर्धा तास नुसतं बोला

गोष्ट कशी हवी, भीतीची की हसतखेळत? लढाया जास्त की कोडी? आणि कोणत्या गोष्टी टेबलावर नकोतच? लहान मुलांना इजा, कोळी, जबरदस्ती, कुणाला काय सहन होत नाही ते बाहेरून दिसत नसतं, म्हणून विचारायचं. जॉन स्टाव्ह्रोपुलस यांनी सुचवलेलं ‘एक्स कार्ड’ वापर. एका कागदावर फुली काढून तो मधोमध ठेव. कुणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा आणि पुढे जायचं. का, असं विचारायचं नाही. तो कागद समोर आहे एवढ्यानेच सगळ्या जास्त मोकळेपणाने खेळतात.

पात्रं तयार दे, नातं त्यांना जोडू दे

पहिल्या दिवशी पात्र बनवायला बसलात तर सगळी दुपार त्यातच जाईल. फायटर (लढवय्या), रोग (चोर), क्लेरिक (पुजारी) आणि विझर्ड (जादूगार) अशी चार पात्रं लिहून तयार ठेव. गुणांचे आकडे ठरलेलेच घे: १५, १४, १३, १२, १०, ८. सगळ्यात मोठा आकडा ज्याच्या त्याच्या कामाच्या गुणाला दे. फायटरला ताकद, रोगला चपळाई, विझर्डला बुद्धी, क्लेरिकला शहाणपण. नाव, रूप आणि स्वभाव मात्र मैत्रिणींनीच ठरवायचा. मग प्रत्येकीला एकच प्रश्न विचार: तुझ्या डावीकडच्या पात्राने तुझ्यासाठी पूर्वी काय केलंय? या उत्तरांनी चार अनोळखी माणसांची टोळी होते, आणि एकमेकींना सोडून जायचा प्रश्न उरत नाही.

फासा कधी टाकायचा

हे नीट ऐक, कारण डीएमचं निम्मं काम हेच. यश आणि अपयश दोन्ही शक्य असतील, आणि अपयशाने काही बदलणार असेल, तरच फासा मागायचा. उघडं दार उघडायला फासा नको. निवांत वेळ आहे, पाठलाग नाही, तर गाठ सोडवायलाही नको.

फासा मागितलास तर अवघडपणा तीनच आकड्यांत ठेव: सोपं १०, मध्यम १५, कठीण २०. यामागचं गणित लक्षात असू दे. पंधराचं काम, आणि पात्राला त्यात काहीच गती नाही, तर यशाची शक्यता ३० टक्के. तेच काम जिला येतं आणि जिच्या फाशात ५ मिळवायचे असतात तिला ५५ टक्के. कुणी छान युक्ती काढली की तिला ‘अ‍ॅडव्हांटेज’ दे, म्हणजे वीसचे दोन फासे टाकून मोठा धरायचा. त्या ५५चे जवळपास ८० होतात. खेळाडूंना हे एकदा कळलं की त्या आपोआप युक्त्या शोधायला लागतात.

ज्या माहितीवाचून गोष्ट पुढे जाणार नाही, ती कधीही फाशावर ठेवू नकोस. चोराचा माग सापडायलाच हवा असेल तर तो तीन ठिकाणी ठेव: चिखलातली पावलं, घाबरलेला गुराखी, अर्धं जळालेलं पत्र. तीनपैकी एक तरी सापडतंच.

पहिल्या लेव्हलला जीव लहान असतो

२०१४च्या नियमांतला साधा गॉब्लिन घे. त्याची तलवार लागली तर तीन ते आठ हिट पॉइंट, म्हणजे तेवढा जीव, जातात. नव्या विझर्डकडे एकूण साधारण आठच असतात. वीसचा आकडा पडला तर गॉब्लिनचा फासा दुप्पट होतो आणि चौदापर्यंत नुकसान जातं. त्या वर्षीच्या स्टार्टर सेटमधल्या ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ या साहसाची सुरुवातच रस्त्यात दबा धरून बसलेल्या चार गॉब्लिनांनी होते. साहस सुरेख आहे, जरूर वापर, पण तिथे दोन-तीनच ठेव. आणि शत्रूलाही जीव प्यारा असतो हे विसरू नकोस. निम्मे पडले की उरलेले पळतील, शरण येतील, नाहीतर आपल्या सरदाराचं नाव सांगून सुटका मागतील. मेलेल्या गॉब्लिनपेक्षा पकडलेला गॉब्लिन गोष्ट जास्त पुढे नेतो.

शून्यावर आलेलं पात्र लगेच मरत नाही. आपल्या प्रत्येक पाळीला ते वीसचा फासा टाकतं. दहा किंवा वर आलं तर बाजूने, खाली आलं तर विरुद्ध. तीनदा बाजूने पडला की जीव तगला, तीनदा विरुद्ध पडला की संपला. हा नियम आधीच सांगून ठेव. मग ती वेळ आल्यावर पुस्तक चाळावं लागत नाही, सगळ्या धावतात मैत्रिणीला वाचवायला.

एक जागा, एक पेच, एक पान

तयारी एका पानात बसव. एक गाव, त्याची एक अडचण, अडचणीमागे एक माणूस, आणि त्या माणसाला काय हवंय ते. ‘गिरणीवाल्याचा मुलगा तीन दिवस बेपत्ता आहे’ एवढं पुरतं. खेळाडू काय करतील ते लिहू नकोस, ते त्यांचं काम आहे. त्यांनी काहीच केलं नाही तर उद्या काय घडेल, तेवढं लिही. राज्याचा इतिहास, देवांची वंशावळ, नकाशाचा दुसरा कोपरा, हे सगळं नंतर, आणि तेही खेळाडूंनी विचारलं तरच.

मराठीत खेळा

लेव्हल, स्पेल, हिट पॉइंट हे शब्द आहेत तसे राहू देत, कागदावर तेच छापलेत. बाकी सगळं आपल्या बोलीत येऊ दे. सराईची मालकीण मालवणी बोलली, पहारेकरी वऱ्हाडी बोलला, की माणसं लगेच डोळ्यांपुढे उभी राहतात. फक्त गावाकडची बोली मूर्खाच्या आणि पुस्तकी मराठी राजाच्या तोंडी, असं करू नकोस. सगळ्यात शहाणी म्हातारीही अहिराणीत बोलू दे.

गप्प बसलेलीकडे वळ

एक मैत्रीण भरभरून बोलेल, एक गप्प राहील. गप्प राहणारीला कंटाळा आलाय असं धरून चालू नकोस. अनेकदा तीच सगळ्यात जास्त ऐकत असते. तिच्या पात्राचं नाव घेऊन, तिला जमेल असा नेमका प्रश्न विचार: ‘दाराआडून कुजबूज येतेय, ती फक्त तुला ऐकू येतेय. काय करतेस?’ प्रत्येक प्रसंगात प्रत्येकीला एकदा तरी विचारलं गेलं पाहिजे.

नियम अडला तर दोन मिनिटांत निर्णय दे आणि एका कोपऱ्यात टिपून ठेव. पुस्तक नंतर बघायचं. निर्णय चुकीचा निघाला तर पुढच्या वेळेपासून बरोबर नियम लावू, असं सरळ सांग. शंका असेल तेव्हा कौल खेळाडूच्या बाजूने दे.

वेळेवर थांब

तीन तास पुष्कळ झाले. दमून थांबण्यापेक्षा, पुढे काय होणार ही उत्सुकता असताना थांब. आवरण्याआधी प्रत्येकीला विचार, काय आवडलं आणि काय कमी हवं, आणि जे सांगतील ते लिहून घे. पुढची तारीख तिथेच, सगळ्या समोर असताना पक्की कर. नंतर फोनवर ठरवू म्हटलं की ते राहून जातं.

हे साहस संपलं की डीएमची जागा दुसऱ्या एकीला दे आणि तू पात्र घेऊन खेळाडूंत बस. तिला तुझे हे कागद दे, तयारीला मदत कर आणि खेळताना तिच्या निर्णयांवर विश्वास ठेव. ज्या टोळीत दोघी-तिघी डाव मांडू शकतात, ती एकीची परीक्षा आली किंवा एक गाव सोडून गेली तरी खेळत राहते.