मापात पाप : निवडणुकीचा प्रचार आणि ईमानधारकाची साक्ष



'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. पवित्र कुरआनची त्र्याऐंशीवी सूरह याच पापाच्या नावाने ओळखली जाते. 'अल-मुतफ्फिफीन' म्हणजे मापात लबाडी करणारे. लोकांकडून घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि लोकांना देताना घट करणाऱ्यांच्या सर्वनाशाची घोषणा या सूरहच्या आरंभीच केलेली आहे. उल्हासनगरच्या बाजारात कापड फाडून देणाऱ्या व्यापाऱ्याला या आयतींचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मीटर आपला असो वा गिऱ्हाइकाचा, त्याची लांबी एकच असली पाहिजे, हे त्याला ठाऊक असते.

परंतु माप केवळ कापडाचे आणि धान्याचे नसते. बातमीलाही माप असते. आपल्या पसंतीच्या पक्षाविषयीची वाईट बातमी आली की आपण पुरावा मागतो, तारीख विचारतो, बोलणाऱ्याचा हेतू तपासतो. नापसंतीच्या पक्षाविषयी तशीच बातमी आली की यातले काहीही न विचारता ती पुढे पाठवतो. घेण्याचे एक माप आणि देण्याचे दुसरे. निवडणुकीच्या दिवसांत हे पाप घराघरांत होते आणि त्याला कोणी पाप म्हणत नाही. म्हणून आजच्या पाठासाठी हा विषय घेतला आहे.

एका वर्षातील दोन निकाल

२०२४ हे वर्ष आठवून पाहा. २० मे रोजी आपल्या भागात लोकसभेसाठी मतदान झाले. उल्हासनगर आणि अंबरनाथ कल्याण मतदारसंघात, तर बदलापूर भिवंडी मतदारसंघात येते. ४ जूनला निकाल लागला तेव्हा राज्यातील ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, एक जागा अपक्षाकडे गेली. पुढे २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झाले आणि २३ नोव्हेंबरच्या निकालात २८८ पैकी २३० जागा महायुतीतील तीन प्रमुख पक्षांना मिळाल्या.

या दोन निकालांवर आपल्या ओळखीचे लोक काय बोलले तेही आठवा. जूनमध्ये महायुतीचे नेते आणि समर्थक म्हणाले की, हा पराभव 'फेक नॅरेटिव्ह'मुळे झाला, विरोधकांनी खोटे कथानक रचून लोकांची दिशाभूल केली. नोव्हेंबरमध्ये तेच म्हणाले की, जनता सुज्ञ आहे, तिने योग्य कौल दिला. महाविकास आघाडीच्या समर्थकांनी जूनचा निकाल जनतेच्या शहाणपणाचा विजय मानला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्यातील अनेकांनी मतदान यंत्रांवर संशय घेतला. पाच-सहा महिन्यांत जनता बदलली नव्हती, बदलले होते ते माप. मतदान यंत्रांविषयी शंका विचारणे किंवा प्रचारातील खोटेपणा दाखवून देणे गैर नाही. परंतु आपण जिंकल्यावर जी शंका आपल्या मनाला शिवत नाही, ती हरल्यावरच का येते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे.

सत्यात असत्याची भेसळ

प्रचारात निखळ खोटे बोलणारा फार काळ टिकत नाही. कुशल प्रचारक खऱ्या गोष्टीला आपल्या सोयीचा पीळ देतो. सूरह अल-बकराच्या बेचाळिसाव्या आयतीत दोन गोष्टींची मनाई आहे. सत्यावर असत्याचे आवरण घालू नये आणि जाणूनबुजून सत्य लपवू नये. पहिल्या कृत्याला अरबीत 'लब्स' म्हणतात आणि दुसऱ्याला 'कित्मान'. राजकीय प्रचाराचे अर्धे शास्त्र या दोन शब्दांत सामावते.

प्रथम आपल्याविरुद्धचे एक उदाहरण घेऊ. धुळे लोकसभा मतदारसंघात भाजपचा उमेदवार पाच विधानसभा क्षेत्रांत मिळून सुमारे १ लाख ९० हजार मतांनी पुढे होता. मालेगाव मध्य या एका क्षेत्रात काँग्रेसच्या उमेदवाराला त्याहून थोडी अधिक आघाडी मिळाली आणि त्या ३,८३१ मतांनी विजयी झाल्या. आकडे खरे आहेत. त्यांना 'व्होट जिहाद' हे नाव देण्यात आले तेव्हा मात्र खऱ्या आकड्यांवर खोटे आवरण चढले. मतदान केंद्रावर रांगेत उभे राहून कायद्याने दिलेले एक मत देणाऱ्या नागरिकाला त्या एका शब्दाने आक्रमक ठरवले. आपल्याला याचे दुःख झाले आणि ते रास्त होते.

आता आपल्या बाजूने ऐकलेले उदाहरण घेऊ. मार्च २०२४ मध्ये भाजपचे तत्कालीन खासदार अनंतकुमार हेगडे यांनी संविधानात बदल करण्यासाठी चारशेहून अधिक जागा हव्यात, अशा आशयाचे विधान केले. हे सत्य आहे. त्यांच्या पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचे सांगून हात झटकले, हेही सत्य आहे. तो खुलासा पुरेसा होता की नाही, याविषयी आपले मत काहीही असू शकते आणि ते मांडण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु आपल्या मोहल्ल्यांत फिरलेल्या संदेशांपैकी किती संदेशांत विधानासोबत खुलासाही होता? पहिले वाक्य सांगून दुसरे गाळणे हा कित्मान आहे. तो धुळ्याच्या आकड्यांबाबत घडला की आपल्याला बोचतो, इथे घडला की 'हुशारी' वाटतो.

माझ्या हातून घडलेली चूक

हे लिहिण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला आहे. त्याच निवडणुकीच्या काळात एका उमेदवाराच्या भाषणाची वीस-पंचवीस सेकंदांची चित्रफीत माझ्याकडे आली. त्यात तो आपल्या समाजाविषयी अत्यंत अपमानकारक बोलताना दिसत होता. मी संतापलो आणि ती तीन गटांत पाठवली. त्यांपैकी एक मस्जिदीचा गट होता. तासाभरात ती 'इमामसाहेबांनी पाठवले आहे' या शब्दांसह माझ्याकडेच परत आली.

जुहरच्या नमाजनंतर एक वयोवृद्ध नमाजी माझ्याजवळ बसले. त्यांनी हळू आवाजात विचारले, "इमामसाहेब, पूर्ण भाषण ऐकलंत का?" मी ऐकले नव्हते. त्या रात्री ऐकले. चाळीस मिनिटांच्या भाषणात त्या उमेदवाराने ती वाक्ये उच्चारली होती खरी, पण त्याआधी 'माझे विरोधक म्हणतात की' असे शब्द होते आणि नंतर त्या म्हणण्याचा त्याने निषेधच केला होता. कापणाऱ्याने मागचे आणि पुढचे तेवढे कापले होते.

त्या रात्री मला अबू दाऊदच्या संग्रहातील ती हदीस आठवली, जीत आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'लोक असे म्हणतात' या शब्दांवर स्वार होणे हे माणसाचे वाईट वाहन असल्याचे सांगितले आहे. मी ती अनेकदा शिकवली होती. सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतील हदीसही शिकवली होती की, ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेच माणसाला खोटा ठरवण्यास पुरेसे आहे. शिकवणे आणि शिकणे यांतले अंतर मला त्या दिवशी कळले.

मी ती चित्रफीत गटांतून काढून टाकली. परंतु काढून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ज्यांनी ती पाहिली त्यांच्या मनातून ती कशी निघणार? इथे मला माननीय उमर (र.) यांच्या आचरणाने वाट दाखवली.

मदीनेत एकदा वार्ता पसरली की, प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींना तलाक दिला आहे. माननीय उमर (र.) यांच्या कन्या हफ्सा (र.) त्या पत्नींपैकी एक होत्या, म्हणजे वार्ता त्यांच्या घरालाच भिडणारी होती. ते मस्जिदीत आले तेव्हा लोक खिन्न बसून हीच चर्चा करीत होते. ते त्या चर्चेत सामील झाले नाहीत. प्रेषित (स.) माडीवरील खोलीत एकांतात होते, तिथे जाऊन त्यांनी भेटीची परवानगी मागितली. उत्तर आले नाही. पुन्हा मागितली, पुन्हा मागितली. अखेर आत जाऊन थेट विचारले आणि 'नाही' असे उत्तर मिळाल्यावर लोकांना हे सांगण्याची अनुमती घेतली. मग मस्जिदीच्या दारात उभे राहून उंच आवाजात खरी गोष्ट जाहीर केली. सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग सूरह अन-निसाच्या त्र्याऐंशीव्या आयतीशी जोडला आहे. शांततेची वा भयाची वार्ता कानी येताच ती पसरवणाऱ्यांना या आयतीत दोष दिला आहे आणि तिचा उलगडा करू शकणाऱ्या जबाबदार लोकांकडे ती न्यावी, असा मार्ग दाखवला आहे.

बातमी ज्या मस्जिदीत पसरली होती, तिच्याच दारात तिचे खंडन झाले. मीही जुमाच्या नमाजनंतर उभा राहून माझी चूक सांगितली.

'ते रोज खोटे बोलतात, मग आपण का नको?'

त्या दिवशी एका तरुणाने मला अडवले. तो चिडला होता. "इमामसाहेब, ते आपल्याबद्दल रोज खोटं पसरवतात. आपल्याकडून एकदा झालं तर एवढं काय बिघडलं? तुम्ही त्यांनाच मदत केलीत." वाचकहो, हा प्रश्न तुमच्याही घरात विचारला जातो, म्हणून त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

त्याचे दुःख खोटे नव्हते. परंतु सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीतील आज्ञा नेमकी अशाच दुखावलेल्या माणसासाठी आहे. एखाद्या समूहाच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, न्याय करावा, तोच ईशपरायणतेच्या अधिक जवळ आहे. आणि सूरह अन-निसाच्या एकशे पस्तिसाव्या आयतीत साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहण्याचा आदेश आहे. मित्रांविषयी न्याय करणे सोपे असते, त्यासाठी एवढी ताकीद लागली नसती. प्रेषितांना (स.) विचारण्यात आले की, आपल्या लोकांवर प्रेम करणे म्हणजे असबियत, अर्थात पक्षांधता आहे काय? त्यांनी नाही म्हटले. अन्यायात आपल्या लोकांना साथ देणे ही असबियत होय.

त्या तरुणाला मी आणखी एक गोष्ट सांगितली. आपण ज्या उल्हासनगरच्या शेजारी राहतो, ते फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये नगर म्हणून उभे राहिले. त्या काळात सीमेच्या दोन्ही बाजूंना अफवांनी जी आग लावली, तिची झळ कोणत्याही एका धर्माच्या माणसांपुरती नव्हती. आज त्याच कुटुंबांच्या दुकानांतून आपण ईदचे कापड घेतो आणि त्यांची मुले आपल्या मुलांसोबत लोकलने कॉलेजला जातात. खोटे कोणाच्या बाजूचे आहे हे आग विचारत नाही.

बदलापूरचा धडा

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना तासन् तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात सुमारे दहा तास रेल्वे रोखली. त्यानंतर काय झाले? तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आंदोलन राजकीय हेतूने प्रेरित असल्याचे आणि त्यात बाहेरचे लोक अधिक असल्याचे म्हटले. विरोधी बाजूच्या अनेक संदेशांत मुलींपेक्षा येणारी निवडणूकच मोठी दिसू लागली. पीडित मुलीच्या प्रकृतीविषयी खोटा मजकूरही फिरला. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मरण पावला आणि न्यायालयाने दोष ठरवण्याआधीच 'बदला पुरा' असे फलक झळकले.

दोन लेकरांचे दुःख दोन्ही बाजूंच्या हातांत प्रचाराचे साहित्य झाले. त्या घरांत काय चालले असेल, याचा विचार किती जणांनी केला? माता आयशा (र.) यांच्यावर बालंट आले तेव्हा ते जिभेवरून जिभेवर नेणाऱ्यांना सूरह अन-नूरच्या पंधराव्या आयतीत सुनावले आहे की, तुम्ही ती क्षुल्लक गोष्ट समजत होता, परंतु अल्लाहपाशी ती फार मोठी होती. आपले बोट काचेवर क्षणभर टेकते. अल्लाहपाशी त्या क्षणाचे वजन वेगळे असते.

घरात पाळावयाचे चार नियम

एक : राग आणणारा संदेश लगेच पुढे पाठवू नये. निदान एक नमाजची वेळ जाऊ द्यावी. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीतील पडताळणीची आज्ञा यासाठीच आहे की, अजाणतेपणी कोणाचे नुकसान होऊन नंतर पश्चात्ताप करावा लागू नये.

दोन : चित्रफीत आली तर पूर्ण भाषण आणि त्याची तारीख शोधावी. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण वा गुन्ह्यांविषयी दावा असेल, तर त्याने अर्जासोबत दिलेले प्रतिज्ञापत्र पाहावे. लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात.

तीन : पाठवण्याआधी नावे बदलून पाहावे. हाच संदेश, एवढ्याच पुराव्यावर, आपल्या आवडत्या नेत्याविषयी असता तर मी तो खरा मानला असता काय? उत्तर 'नाही' असेल तर मापात पाप आहे.

चार : चूक झाली तर जिथे ती पसरवली तिथेच ती कबूल करावी. मुलांसमोर केलेली अशी कबुली त्यांना दहा प्रवचनांहून अधिक शिकवते.

अनेक उलमांनी मताला साक्ष म्हटले आहे. मतदान केंद्रावर आपण ती साक्ष काही वर्षांतून एकदा देतो. पुढे पाठवलेल्या प्रत्येक संदेशाने मात्र आपण रोज साक्ष देत असतो आणि तिथे बोटाला शाई लागत नसली तरी आमालनाम्यात नोंद होते. सहीह बुखारीत प्रेषितांच्या (स.) एका स्वप्नाचे वर्णन आहे. त्यात ज्याचा गाल लोखंडी आकड्याने फाडला जात होता, तो सकाळी घरातून निघून असे खोटे बोलणारा होता, जे क्षितिजापर्यंत पोहोचत असे. पूर्वी क्षितिजापर्यंत पोहोचायला खोट्यालाही वेळ लागत असे. आज कल्याणला चढलेला प्रवासी बदलापूरला उतरेपर्यंत ते जगभर फिरून येते.

अल्लाह आपल्या जिभेला आणि बोटांना सत्याची सवय लावो, आपल्यावर अन्याय झाला तरी आपल्याला अन्यायी होऊ न देवो आणि देताना व घेताना आपले माप एकच ठेवण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.