पौषातली सुट्टी आणि कृष्णाच्या हातचा खरारा



आजचं वाचन: महाभारत, द्रोणपर्व, त्यातलं जयद्रथवधपर्व. युद्धाचा चौदावा दिवस.

पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत आहेच. अभिमन्यू गेलाय. सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर स्वतः अग्नीत प्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. म्हणजे डेडलाइन हलणार नाही, आणि चुकली तर जीव जाणार. दुपार टळून ऊन कलायला लागलंय, जयद्रथ अजून लांब आहे, आणि रथाचे घोडे थकलेत. अंगात बाण रुतलेत, तहान लागलीय. हे साधे घोडे नव्हेत बरं का, दिव्य घोडे. तरी थकले.

इथे अर्जुन काय म्हणतो बघा. घोडे सोडू आणि त्यांचे बाण काढू, असं त्याला वाटतं. तो कृष्णाला विचारतो, आणि कृष्ण म्हणतो, माझंही हेच मत आहे. भर रणात, शत्रूच्या सैन्यामध्ये, दोघं घोडे सोडतात! अर्जुन रथातून उतरून जमिनीवर उभा राहतो आणि एकटा सगळ्यांना थोपवून धरतो. घोड्यांना प्यायला पाणी नाही म्हटल्यावर बाणाने जमीन फोडून जलाशय करतो, बाणांचाच आडोसा उभा करतो. आणि त्या आडोशात कृष्ण घोड्यांचं बघतो. बाण उपसतो, स्वतःच्या हातांनी अंग चोळतो, त्यांना लोळू देतो, पाणी पाजतो, आंघोळ घालतो, चारा खाऊ घालतो. शीण उतरल्यावरच पुन्हा जुंपतो.

गीता सांगणारा कृष्ण आपल्याला पाठ असतो. हा मोतद्दाराचं काम करणारा कृष्ण मात्र आपण भराभर पानं उलटत मागे टाकतो. मला तो जास्त जवळचा वाटतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप, जागरण हे सगळं बेताने करणाऱ्याचा योग दुःख दूर करतो असं तो सांगतो. इथे तेच स्वतःच्या हातांनी करून दाखवतोय.

आता आमच्या धाराशिवकडे येतो, कारण सध्या पौष चालू आहे.

तुळजापूरला आई भवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राआधी एकदा. दसऱ्यानंतर, महिषासुराशी लढून आई दमली म्हणून एकदा, ती श्रमनिद्रा. आणि तिसरी ऐन थंडीत, पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी. देवीलासुद्धा कॅलेंडरवर सुट्टी मांडून ठेवलीय. कुणी विचारत नाही की आई, एवढे भक्त रांगेत उभे असताना झोपतेस कशी?

त्याच पौषात तुळजापूरजवळच्या आमच्या मामांच्या दोन घोड्यांना काम नसतं. मामांच्या घोड्या वरातीच्या, आणि पौषात आपल्याकडे सहसा लग्नं नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर नवरदेव, बँड, फटाके, डांबरी रस्ता असा सगळा धिंगाणा झाला की मग हा महिना. मला वाटायचं, सुट्टी म्हणजे दावणीला बांधून ठेवायचं आणि खाऊ घालायचं. मामा म्हणाले, "तसं केलंस तर मारशील की रे तिला!"

मामांचा पौषातला कार्यक्रम असा असतो. आधी चंदी, म्हणजे हरभऱ्या-बिरभऱ्याचा दाणा, आठवडाभरात हळूहळू कमी. कडबा आणि गवत मात्र पोटभर. नाल काढून खूर तासून घ्यायचे. नाल नसली तरी खूर वाढतच राहतात, म्हणून नालबंदाची खेप चुकवायची नाही. तंगाखाली आणि खोगिराखाली घासलेली जागा रोज बोटांनी चाचपायची. दिवसा मोकळ्या रानात सोडायचं, चालू द्यायचं, मातीत लोळू द्यायचं. थंडीत जनावर पाणी कमी पितं आणि पोटशूळ उठतो, म्हणून पाण्यावर लक्ष. आणि माघात काम सुरू करताना पहिले काही दिवस नुसतं चालवायचं. दम लवकर परत येतो, पण पायाच्या शिरा आणि हाडं सावकाश तयार होतात.

दाणा कमी का? युरोपात गाडीच्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची, पण खाणं कामाच्या दिवसाएवढंच. सोमवारी जुंपलं की मागच्या पायांचे स्नायू आखडायचे, लघवी गडद व्हायची, घोडा जागेवर थिजायचा. त्या दुखण्याला नावच पडलं 'मंडे मॉर्निंग डिसीज'. काम थांबलं, भरणं थांबलं नाही. (आपल्या लाँग वीकेंडबद्दल मी काही बोलत नाही. लॅपटॉप बंद, आणि रात्री दोनपर्यंत मोबाईलवर रील्स.)

दख्खनच्या घोड्याची जुनी सुट्टी मात्र थंडीतली नव्हे, पावसाळ्यातली. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली मराठ्यांची फौज पावसाळ्यात छावणीला परतायची. शिवछत्रपतींनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच बेफिकिरीने उधळाल तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा रोख आहे. शिवाय मग तुम्ही रयतेला त्रास द्याल, हेही बजावलंय. सुट्टीचा खर्च आधी बाजूला काढलेला नसेल तर तो दुसऱ्या कुणावर तरी पडतो, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

मामांनाही ते ठाऊक आहे. बसलेली घोडी खातेच, आणि पौषात वरातीचे पैसे येत नाहीत. म्हणून मार्गशीर्षातल्या कमाईतून पौषाची वैरण आधीच भरलेली असते. जवळच्या एकाने गेल्या साली पौषातही फोटोशूटची सुपारी घेतली. त्यांना नावं ठेवायला मामा तयार नाहीत. "त्याच्याकडे वैरण भरायला पैसा नव्हता," एवढंच म्हणाले.

म्हणून परत द्रोणपर्वाकडे. त्या प्रसंगात घोड्यांना विश्रांती मिळाली ती अर्जुन जमिनीवर उभा राहिला म्हणून. एकाने किल्ला लढवला तेव्हा दुसऱ्याला खरारा करता आला. तुमच्या टीममध्ये कुणी सुट्टीवर गेलं की त्याचे फोन कोण घेतं? घरात आईला बसा म्हटलं, तर त्या वेळेत स्वयंपाकाचं कोण बघतं? आणि स्वतः थांबलात, तर रुतलेले बाण काढता, की बाणांसकट नुसते उभे राहता? आज वाचताना हे तीन प्रश्न वहीत लिहून बघा. उत्तरं मला पाठवली नाहीत तरी चालेल.

उद्याचं वाचन इथूनच पुढे: घोडे पुन्हा जुंपलेत, आणि द्रोणाचार्यांनी बांधून दिलेलं कवच घालून दुर्योधन समोर येतोय.