मोबाइलवरील मांडणी

आमच्या एका विद्यार्थिनीनें आईच्या मोबाइलवरील सारीं ॲपें विषयवार फोल्डरांत लाविलीं. पडदा नीटनेटका झाला; पण सायंकाळीं आईस फोन लावण्याचें चित्रच सापडेना. दोष कोठें होता?

आयफोनवर फोल्डरची सोय २०१० सालीं झाली. आरंभीं एका फोल्डरांत १२ ॲपें मावत. २०२० पासून तो ॲपांचे वर्ग आपण होऊनहि पाडतो. परंतु यंत्रास ॲपाचा प्रकार कळतो, वारंवार काय उघडलें तें कळतें. काय उघडावयास हवें, तें कळत नाहीं. तो विचार आपणच केला पाहिजे.

पान पालटलें तरी पडद्याची तळची ओळ जागची हालत नाहीं, व आंगठा तेथें सहज पोंचतो. म्हणून रोजच्या गरजेचीं ॲपें तेथें ठेवावीं. खेळ शेवटच्या पानावरील फोल्डरांत असावे, म्हणजे ते उघडण्यापूर्वीं क्षणभर विचार करण्यास अवसर मिळतो. मोबाइल आईचा असेल, तर आधीं तिला विचारावें.

त्या मुलीनें पुढें तसेंच केलें. आतां तळच्या ओळींत आईचा फोन आहे, आणि त्याच्या शेजारीं मुलीचा शब्दकोश.