मोटारीचें एंजिन तापल्यास

बैल चरेनासा झाला तर त्याचें दुखणें कोठें आहे, हें आमच्या वाचकांस सांगावें लागत नाहीं. पण दारांतील जीप किंवा मोटार बिघडली म्हणजे तेच गृहस्थ सर्व भार मिस्त्रीवर टाकून मोकळे होतात. एंजिनाचे बिघाड अनेक आहेत. पैकीं ज्यापासून एंजिनच हातचें जाण्याचा संभव, त्या तापण्याच्या बिघाडाविषयीं येथें लिहितों.

एंजिनाच्या मुख्य भागास ब्लॉक व वरच्या झांकणास हेड म्हणतात. दोहोंमध्यें गास्केट नांवाचा पातळ थर असतो. जळता वायु, पाणी आणि तेल यांच्या वाटा परस्परांत मिसळूं न देणें हें त्याचें काम. पाणी आटून एंजिन फार तापलें कीं हेड वांकतें व गास्केट फुटतें. हल्लींच्या बहुतेक मोटारींचीं हेडें अॅल्युमिनियमचीं असतात, व तीं लोखंडी हेडांपेक्षां लवकर वांकतात.

आमच्या जुन्या जीपचा कांटा एका चढावर लाल खुणेवर गेला. गांव अवघें ३ मैलांवर, म्हणून आम्ही थांबलों नाहीं. घर गांठलें खरें, पण त्या ३ मैलांनीं हेड घालविलें. कांटा चढतांच गाडी बाजूस घेऊन एंजिन बंद करावें व निदान अर्धा तास निवूं द्यावें. रेडिएटरचें टोपण गरम असतां काढूं नये. दाबाखालील पाणी अंगावर उसळतें. तापल्या एंजिनांत थंड पाणीही ओतूं नये. त्यानें तडा जाण्याचें भय असतें.

कोठें गळत नसतां पाणी कमी होत जाणें, एंजिन पुरतें तापल्यावरही मागून पांढरा दाट धूर येणें, आणि पट्टी काढून पाहतां तेल दुधाच्या चहासारखें दिसणें, या गास्केट फुटल्याच्या खुणा होत. थंडीच्या सकाळीं पहिलीं कांहीं मिनिटें येणारी वाफ मात्र निरुपद्रवी समजावी. निळा धूर तेल जळल्याचा. तो प्रकार निराळा.

तेल पांढुरकें झालेली गाडी १ मैलही चालवूं नये, कारण तसल्या तेलानें बेअरिंगें खराब होतात. स्टार्टर देऊनही एंजिन अडलें तर जोर करूं नये. सिलिंडरांत पाणी भरलें असेल तर तें दाबलें जात नाहीं, आणि कनेक्टिंग रॉड वांकतो.

पेट्रोलच्या एंजिनास आणखी एक परीक्षा आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब घड्याळानें मोजवावा. जेथें तो कमी भरेल तेथें चमचाभर तेल घालून पुन्हा मोजवावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर दोष व्हॉल्व्हांचा किंवा गास्केटाचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी भरले तर बहुधा मधलें गास्केट गेलेलें असतें.

दुरुस्तींत नवें गास्केट घालणें हा सोपा भाग. हेड सरळ पट्टीवर धरून वांक पाहणें, वांक असल्यास तें घासून सपाट करणें व तडा आहे कीं काय हें तपासणें महत्त्वाचें. आमच्या मिस्त्रीनें पट्टी लावलीच नाहीं, आणि तें गास्केट महिन्याभरांत पुन्हा गेलें. बोल्ट मधून कडेकडे, थोडेथोडे करून, मापाच्या पान्यानेंच आंवळवावे. तेल व फिल्टर बदलावे. पाणी कां आटलें, याचाही शोध त्याच वेळीं घ्यावा. फुटकी नळी, थर्मोस्टॅट, पंप अगर पंखा यांपैकीं कांहीं तसेंच राहिलें तर केलेला खर्च वायां जातो.

एवढें करून भार पडतांच खोल ठोका ऐकूं येऊं लागला, तर बेअरिंगें गेलीं असें समजावें. मग तेलाचें चेंबर उतरवून क्रँक पाहणें आलें, व तें काम सांगण्यापूर्वीं खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा.